गुरुवारी बँड गप्प असतो

गुरुवारी लाइट जाणार, हे पुणे परिसरात वेगळं सांगावं लागत नाही. महावितरणच्या देखभालीचा तो ठरलेला वार. मुळशी तालुक्यातल्या जांबे गावापासून हिंजवडीपर्यंत त्या दिवशी एकच रड असते. वायफाय गेलं, लॅपटॉपची बॅटरी संपत आली, मीटिंग बोंबलली. पण अशा वेळी एखाद्या गच्चीवर कुणी बॅटरीवरचा शॉर्टवेव्ह रिसीव्हर ७ मेगाहर्ट्झला लावून बसलेलं असेल, तर त्याच्या चेहऱ्यावर मात्र हसू असतं. इतका वेळ स्पीकरमधून नुसती घरघर येत होती. लाइट गेली आणि ती खाडकन बसली. खालून माणसांचे आवाज वर आले. कुणीतरी सोलापूरचं हवामान सांगतंय, मल्याळी हेल असलेलं इंग्रजी ऐकू येतंय, मागे कुठेतरी मोर्सची बारीक कुई-कुई चाललीय. मग शेजारच्या सोसायटीचा जनरेटर सुरू होतो, बल्ब पेटतात, आणि सगळे पुन्हा घरघरीखाली गडप.

गंमत म्हणजे ही माणसं मघाशीही तिथेच बोलत होती. लाइट गेल्यामुळे त्यांचा आवाज काही वाढला नाही. आपला गोंगाट तेवढा थांबला.

हॅम रेडिओ हा छंद ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देता येते, पास झालात की लायसन्स आणि व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होणारा स्वतःचा कॉलसाइन मिळतो. मग मोबाइल टॉवर नाही, इंटरनेट नाही, मधे कुठलीही कंपनी नाही, अशा स्थितीत फक्त स्वतःचा सेट आणि स्वतः बांधलेली तार यांच्या जोरावर जगाशी बोलायचं. नव्याने आलेली पोरं बहुतेक हातातल्या व्हीएचएफ वॉकीटॉकीपासून सुरुवात करतात. खरा जीव अडकतो तो खालच्या बँडवर. ४० मीटरचा बँड म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, ८० मीटरचा ३.५ मेगाहर्ट्झपासून, आणि त्याच्याही खाली १६० मीटर, म्हणजे १.८ मेगाहर्ट्झच्या आसपास. या लहरी आकाशातल्या आयनोस्फिअरवर आपटून परत खाली येतात. दिवसा ४० मीटरवर अख्खा महाराष्ट्र आवाक्यात येतो, रात्री त्याहून कितीतरी लांबचं.

पण फ्रीक्वेन्सी जितकी खाली, तितका गोंगाट जास्त. यातला एक हिस्सा निसर्गाचा. एप्रिल-मे महिन्यात वळवाचे ढग जमले की प्रत्येक वीज रेडिओत ‘खर्रर्र’ करून जाते. ती आपल्या डोक्यावर कडाडायला हवी असंही नाही. रात्री शेकडो किलोमीटर लांबच्या विजाही त्याच आयनोस्फिअरवरून उसळी मारून येतात. म्हणून खालच्या बँडचा आपल्याकडचा सीझन ढोबळमानाने दिवाळी ते होळी. यावर इलाज नाही आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते.

तक्रार आहे ती माणसाने केलेल्या गोंगाटाबद्दल. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेकडे, म्हणजे आयटीयूकडे, याचं एक सूत्र आहे. शहर, निवासी भाग, ग्रामीण भाग आणि अगदी निवांत ग्रामीण भाग असे चार प्रकार त्यात धरलेत. या सूत्राप्रमाणे शहर आणि खेडं यांच्यातल्या रेडिओ-गोंगाटात ९.६ डेसिबलचा फरक पडतो. हा आकडा छोटा दिसतो, पण डेसिबलच्या भाषेत तो शक्तीच्या हिशोबाने सुमारे नऊपट होतो. म्हणजे खेड्यात बसलेल्याला ५० वॅटचं स्टेशन जितकं स्वच्छ ऐकू येईल, तितकंच शहरात ऐकू यायला समोरच्याने साडेचारशे वॅट सोडायला हवेत. अगदी निवांत जागेशी तुलना केली तर ७ मेगाहर्ट्झला फरक २४ डेसिबलचा, म्हणजे अडीचशेपट. आणि शहरात बसून ७ वरून १.८ मेगाहर्ट्झला उतरलात, तर गोंगाट आणखी १६ डेसिबलने चढतो. यात मेख अशी, की हे सूत्र ज्या मोजमापांवर उभं आहे ती घराघरात एलईडी बल्ब यायच्या कितीतरी आधीची.

आता या यादीत जांबेला कुठे बसवायचं? कागदावर गाव. पण हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, गहुंजे, सांगवडे यांच्याबरोबर जांबेचंही नाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायच्या गावांच्या प्रस्तावात बरीच वर्षं आहे. आयटी पार्क शेजारी, एकीकडे शेतं, एकीकडे उंच टॉवर. रेडिओच्या कानाला ही हद्द नकाशापेक्षा आधी कळते. प्रत्येक नवीन बिल्डिंगमध्ये लोक राहायला आले की बँडची तळपातळी थोडी वर सरकते.

का, ते एका चार्जरवरून समजतं. आठवा, जुन्या कॉर्डलेस फोनचा किंवा रेडिओचा अॅडॉप्टर हातात घेतला की विटेसारखा जड लागायचा. त्यात तांब्या-लोखंडाचा ट्रान्सफॉर्मर असायचा, बिचारा ५० हर्ट्झवर गुणगुणत बसायचा. आताचा चार्जर हलका असतो, कारण तो वीज एका सेकंदात हजारो वेळा चालू-बंद करून तिचे तुकडे पाडतो. याला एसएमपीएस म्हणतात. समजा तो ६५ किलोहर्ट्झने हे तुकडे पाडतोय. तर त्याची पिल्लं १३०, १९५, २६० किलोहर्ट्झ अशी दर ६५ च्या पटीत उगवत जातात, थेट मेगाहर्ट्झपर्यंत. १०८ वं पिल्लू ७.०२० मेगाहर्ट्झला, १०९ वं ७.०८५ ला, ११० वं ७.१५० ला. म्हणजे एका चार्जरने ४० मीटरच्या बँडमध्ये तीन खुंट्या ठोकल्या. या खुंट्या एका जागी नीट उभ्याही राहत नाहीत, लोड बदलला की सरकतात, पसरट होतात. आता एका फ्लॅटमध्ये असे पंधरा-वीस एसएमपीएस धरा. बल्ब, राउटर, टीव्ही, सेटटॉप बॉक्स, लॅपटॉप, वॉटर प्युरिफायर. मग एका मजल्यावरचे फ्लॅट, मग मजले. खुंट्यांमधली जागाच संपते आणि उरते ती सलग घरघर.

चांगल्या चार्जरमध्ये ही पिल्लं आतच अडवायला छोटी कॉइल आणि कपॅसिटर असतात. अगदी स्वस्त मालात नेमके हेच भाग गाळलेले सापडतात, कारण ते नसले तरी बल्ब पेटतोच. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, तक्रार करतो तो वरच्या मजल्यावरचा हॅम.

थोडा सराव झाला की कान आवाजावरून चोर ओळखायला लागतो. डायल फिरवताना ठराविक अंतरावर येणारा घोगरा हुंकार असेल तर एसएमपीएस. सगळीकडे सारखा, सेकंदाला शंभर टोले पडल्यासारखा कर्कश गुरगुराट असेल तर ट्रायकवाला डिमर नाहीतर विजेच्या तारेवरची ठिणगी. ट्रायक कुठे असतो? बऱ्याच घरांत तो पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये असतो. जो रेग्युलेटर टोकापासून टोकापर्यंत सुळकन फिरतो, तो बहुतेक ट्रायकचा. जो एक-दोन-तीन-चार असा टकटक पायऱ्यांनी फिरतो, तो बहुतेक कपॅसिटरचा, आणि तो रेडिओच्या दृष्टीने सज्जन. पहिला काढून दुसरा बसवणं हा या अख्ख्या उद्योगातला सगळ्यात स्वस्त विजय असावा. वायरिंगचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, हे मात्र आलंच.

चोर शोधायची पद्धत साधी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. रिसीव्हर बॅटरीवर घ्या. स्पीकर चालू ठेवून घरातला मेन स्विच बंद करा. घरघर गेली तर चोर घरातलाच. मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्या एमसीबीला घरघर परत येते, त्या लाइनवरची एकेक वस्तू काढून बघा. घरचे जेवायला बसलेले असताना हा प्रयोग करू नये, एवढं पथ्य पाळा.

मेन बंद करूनही घरघर तशीच राहिली, तर चोर बाहेरचा. इथे आजोबांचा ट्रान्झिस्टर कामाला येतो. एएम बँडवर आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झला लागतं. त्याच्या आजूबाजूला जिथे कुठलंच स्टेशन नाही अशा मोकळ्या जागी काटा ठेवा आणि जिन्यातून, पार्किंगमधून फिरा. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची आडवी कांडी असते, तीच त्याची अँटेना. या कांडीचं टोक गोंगाटाच्या दिशेला आलं की आवाज एकदम पडतो. म्हणजे ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवायचा आणि तो सगळ्यात गप्प होतो ती रेघ पकडायची. दोन वेगवेगळ्या जागांवरून दोन रेघा काढल्या की त्या जिथे छेदतात तिथे चोर. शाळेतल्या भूमितीचा इतका चोख उपयोग फार कमी ठिकाणी होतो.

चोर सापडला तरी पुढचं काम रेडिओचं राहत नाही, बोलण्याचं असतं. ‘तुमच्या उपकरणातून इंटरफिअरन्स येतोय’ असं म्हणत कुणाच्या दारात उभं राहिलात, तर दार बंद होणार. त्यापेक्षा, ‘काकू, बाल्कनीतल्या लाइटच्या माळेचा अॅडॉप्टर दोन मिनिटं काढता का? माझ्या रेडिओत खरखर येतेय, तीच आहे का बघायचंय,’ असं विचारून बघा. बहुतेक काकू काढतात. वर ‘तू बॉम्ब वगैरे नाही ना बनवत?’ असंही विचारतात. त्यांना एकदा गच्चीवर नेऊन केरळातला माणूस ऐकवला की पुढच्या वेळी तुमच्या बाजूने सेक्रेटरी काकांशी त्याच बोलतात. आणि चांगला अॅडॉप्टर स्वतःच्या खिशातून आणून दिलात, तर प्रश्नच मिटला.

जो चोर हलवता येत नाही, त्याच्यासाठी फेराइट. जुन्या मॉनिटरच्या केबलवर एक फुगीर गाठ असायची, ती फेराइटचीच. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या बाजूला चौकशी केली की अशा रिंगा मिळू शकतात. यूट्यूब बघून लोक चार्जरच्या वायरवर एक क्लिप लावतात आणि काही फरक पडला नाही म्हणून फेराइटलाच नावं ठेवतात. यातलं गणित असं, की वायर रिंगमधून जितके वेढे घेईल त्याच्या वर्गाच्या पटीत तिचा अडसर वाढतो. एक वेढा म्हणजे एक, पाच वेढे म्हणजे साधारण पंचवीस. ७ मेगाहर्ट्झला एक वेढ्याची क्लिप जवळजवळ शोभेची. मोठी रिंग घ्या, वायर सात-आठ वेळा फिरवा, मग बोला. आणि सगळ्या रिंगा सारख्या नसतात. खालच्या बँडसाठी हॅम मंडळी ३१ नंबरचं मटेरियल मागतात.

हाच इलाज अँटेनाकडून येणाऱ्या केबललाही लागतो. कोअॅक्सच्या बाहेरच्या जाळीवरून घरातला गोंगाट निवांत चालत वर अँटेनापर्यंत जातो आणि सिग्नल म्हणून आतून परत येतो. तुम्ही अँटेना गच्चीवर टांगली, पण तिची शेपूट घरातल्या वायरिंगला बांधलेली आहे, असा हा प्रकार. अँटेनाच्या तोंडाशी आणि घरात शिरताना, दोन्हीकडे केबलचे दहा-बारा वेढे फेराइट रिंगवर घातले की ही चोरवाट बंद होते.

पण खालच्या बँडवरचा सगळ्यात मोठा धडा शंभर वर्षं जुना आहे. १९२१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांचे सिग्नल अटलांटिकपलीकडे ऐकू येतात का, हे बघायला पॉल गॉडली नावाचा माणूस स्कॉटलंडमध्ये आर्ड्रॉसनला गेला. थंडीत, तंबूत बसून त्याने ऐकलं, आणि सिग्नल खरंच आले. त्याची अँटेना उंच मनोऱ्यावर नव्हती. हॅरल्ड बेव्हरेज या इंजिनिअरच्या पद्धतीची एक लांबलचक तार, जमिनीपासून थोड्याच उंचीवर ओढलेली. अशी तार सिग्नल पकडते अगदी क्षीण. पण एका दिशेचाच पकडते, बाकी दिशांचा गोंगाट त्याहून जास्त गाळते. ऐकण्यात महत्त्वाचा असतो तो सिग्नल आणि गोंगाट यांच्यातला फरक. मोठेपणा नंतर व्हॉल्यूमच्या बटणाने देता येतो. तोच नियम सेटवरही लागू. आरएफ गेन फुल्ल ठेवून खरखर ऐकत बसण्यापेक्षा तो थोडा खाली घ्या. कान दुखायचे थांबतात आणि शब्द सुटे होतात.

१६० मीटरसाठी बेव्हरेज ओढायची तर दीडशे मीटर मोकळं रान हवं. जांबेत ते एखाद्या मित्राच्या शेतात अजून जमेल, फ्लॅटवाल्याला अशक्य. त्याच्यासाठी छोटा लूप आहे. मीटरभर व्यासाचं, उभं धरलेलं धातूचं कडं आणि सोबत एक छोटा अॅम्प्लिफायर. हे फक्त ऐकायला, बोलायला नेहमीची तार. उभ्या लूपची गंमत अशी, की तो दोन आडव्या दिशांना बहिरा असतो. शेजारच्या बिल्डिंगचा गोंगाट आडवा येतो. लूप फिरवून त्याची बहिरी बाजू तिकडे केली की तो गळतो. कोल्हापूर-नाशिकचे सिग्नल मात्र आयनोस्फिअरवरून, जवळजवळ डोक्यावरून खाली येतात, त्यांना हा बहिरेपणा लागत नाही. फ्लॅटमधल्या हॅमने पहिले पैसे कशावर खर्च करावेत असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर महागडा सेट नाही, हा लूप.

हीच लढाई पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालू आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही दुर्बीण आहे, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या. जागा निवडताना माणसाचा रेडिओ-गोंगाट कमी असणं हाही एक निकष होता. पण तारा, ट्रान्सफॉर्मर, मोबाइल सगळं तिथेही पोचलं. विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा त्रास काढायला तिथल्या इंजिनिअरांनी अशी यंत्रणा बसवली, जी येणाऱ्या सिग्नलमधले अचानक उसळी मारणारे तुकडे तिथल्या तिथे ओळखते आणि बाजूला काढते. तुमच्या सेटवर एनबी लिहिलेलं बटण आहे ना, नॉइज ब्लँकर, त्याच्यामागची कल्पना हीच. फक्त हे बटण ठिणगीसारख्या तुटक गोंगाटावर चालतं. चार्जरच्या सलग घरघरीपुढे ते हात टेकतं, आणि शेजारी जोरदार स्टेशन असेल तर उलट आवाज फाडतं.

खगोलशास्त्राशी आणखी एक धागा आहे. पल्सारवरच्या कामासाठी १९९३ चं नोबेल मिळवणारे जोसेफ टेलर स्वतः हॅम. २०१७ मध्ये त्यांनी स्टीव्ह फ्रँक यांच्याबरोबर एफटी-एट ही डिजिटल पद्धत आणली. कानाला नुसती खरखर वाटते त्यातून कॉम्प्युटर संदेश उचलतो, सिग्नल गोंगाटाच्या वीस डेसिबल खाली असला तरी. हॉस्टेलच्या खिडकीत तार टांगून जग गाठणाऱ्या पोरांसाठी हे वरदान आहे, यात वाद नाही. पण एफटी-एटवर मुख्यतः कॉलसाइन, सिग्नलचा रिपोर्ट आणि ठिकाणाचा कोड जातो. ‘पूल वाहून गेलाय, तीन माणसं पलीकडे अडकलीत, इन्सुलिन पाठवा’ हे त्यात मावत नाही.

आणि हे वाक्य कधीतरी ऐकायची वेळ येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर भागात हॅम मंडळींनी संपर्काचं काम केलं. २००१ मध्ये भूजलाही केलं. अशा वेळी तिकडून बोलणारा माणूस गाडीच्या बॅटरीवर, दोन काठ्यांना घाईत बांधलेल्या तारेवर, पाच-दहा वॅटवर बोलत असतो. तो जोर वाढवू शकत नाही. जोर लावायचा तो ऐकणाऱ्याने, म्हणजे ज्याच्या घरी लाइट आहे, चार्जर आहेत, एलईडीची माळ आहे त्याने. ताम्हिणीकडे पावसाने रस्ता आणि टॉवर दोन्ही गेले, तर ४० मीटरवर जांबेतून ते स्टेशन ऐकू यायला अंतराची अडचण नाही. अडचण आली तर आपल्याच बिल्डिंगच्या गोंगाटाची येईल. आणि असा प्रसंग दर वेळी गुरुवारीच येईल असं नाही.

शेवटची गोष्ट खांबाची. ट्रान्झिस्टर घेऊन फिरताना रेघा विजेच्या खांबावर जाऊन छेदल्या, तर लांबूनच थांबा. खांबाला हात लावायचा नाही, ठोकून बघायचं नाही, अँटेनाची तार लाइनच्या वरून किंवा जवळून तर कधीच न्यायची नाही. खांबावरचा नंबर लिहून घ्या, नंबर नसेल तर जवळच्या ट्रान्सफॉर्मरवरचा कोड, आणि तक्रार द्या. तक्रारीत ‘माझ्या रेडिओत खरखर येते’ असं लिहू नका, ते वाचून कुणी शिडी घेऊन निघणार नाही. ‘या खांबावर जोड सैल आहे, ठिणगी पडत असावी’ असं लिहा. ही भाषा लाइनमनला कळते, आणि सैल जोड हा त्याच्याही दृष्टीने फॉल्टच. हे मार्च-एप्रिलमध्ये उरकलेलं बरं. सैल जोडाची ठिणगी कोरड्या हवेत जोरात असते. जूनमध्ये दोन सरी पडल्या की ती गप्प होते, आणि तपासायला आलेल्या माणसाला ऐकवायला काही उरत नाही.